बेडकीचा गरुड झाला

प्रिय धाकल्या,

खुशाली विचारत नाही. तुम्ही तिघं मजेत आहात हे तुझ्या त्या फोटोत दिसलंच, आणि त्या फोटोनेच इकडे आमची डोकी उठवली आहेत. मी चिडले आहे. किती चिडले आहे ते पत्र संपेपर्यंत तुला कळेल. नाहीच कळलं, तर माझ्या लिहिण्यात काहीतरी कमी राहिलं असं समज.

तू फोटो पाठवलास तेव्हा माझी शिकवणी चालू होती. बँकेत काम करणाऱ्या एक बाई सध्या माझ्याकडे गाडी शिकतात. तशा हुशार आहेत, पण चढ दिसला की त्यांचा पाय क्लचवरून असा उडतो, जणू खाली निखारा ठेवलाय. त्या दिवशीही पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला, आणि मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून धरून त्यांना सांगत राहिले की वाजवू दे त्यांना, हॉर्नने कुणी मरत नाही. पूल उतरल्यावर गाडी कडेला घ्यायला लावली, त्यांना पाणी प्यायला सांगितलं आणि तेवढ्यात फोन बघितला. तू उभा. एक हात बॉनेटवर, छाती पुढे, मारलेल्या वाघाशेजारी शिकारी उभे राहायचे तसा. शेजारी तुझी बायको, मागच्या खिडकीतून डोकावणारी माझी भाची. आणि खाली तुझं वाक्य: "शेवटी घेतली. इथली सगळ्यात भरवशाची गाडी. आपल्याकडे अशी गाडी सात जन्मांत बनायची नाही."

धाकल्या, हे वाक्य मी ज्या गाडीत बसून वाचलं ना, ती तीच गाडी होती.

तीच म्हणजे तशीच दिसणारी नव्हे. तीच. तोंड बदललंय, कबूल. पुढची जाळी रुंद आणि चकचकीत केली आहे, एखाद्याने नवी कवळी बसवावी तशी. आपले गोल बटबटीत दिवे जाऊन बारीक तिरपे दिवे आलेत. नाकावर पंख पसरलेल्या गरुडाचा बिल्ला आहे. स्टिअरिंग तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या बाजूला गेलंय. पण नाकाच्या मागे सरकलं की सोंग संपलं. मागच्या दारामागची ती तिकोनी काच, जी कधी उघडत नाही आणि जिच्या कोपऱ्यात कायम धूळ बसते, ती तशीच. दारांची हँडलं तशीच. आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही दारांवरून गेलेली पत्र्याची ती दुमड, तीसुद्धा तशीच. जी गाडी मी रोज सकाळी फडक्याने पुसते तिची अंगकाठी मला ओळखू येणार नाही होय? मिशी चिकटवून तुला कुणी आरशापुढे उभं केलं, तर तू 'हे गृहस्थ कोण' असं विचारशील का? पण तू तेच केलंस. वर त्या गृहस्थांचं कौतुकही केलंस.

आपली बेडकी आहे ती. कागदावर तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण रस्त्यावर आल्या आल्या पोरांनी त्या दिव्यांवरून बेडकी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. कंपनीतल्या साहेबांना त्याचा राग यायचा, बाबांना कधी आला नाही. ते म्हणायचे, बेडकी कोरड्यातही चालते आणि पाण्यातही, गाडीकडून आणखी काय पाहिजे? तुमच्याकडे तिचं नाव ठेवलंय ते तुमच्या भाषेत गरुडाचं आहे म्हणे. वा. बेडकीला पंख फुटलेले मी या जन्मी पाहिले.

तू लहान होतास, तुला किती आठवतंय मला माहीत नाही. बाबांचं काम दारं बसवण्याचं. गाडी पट्ट्यावरून पुढे यायची, बाबा आणि त्यांचे जोडीदार तिला दारं लावायचे, बिजागऱ्या हव्या तशा वरखाली करायचे आणि शेवटी बाबा एकदा दार लावून ऐकायचे. घरीसुद्धा कपाटाचं दार कुरकुरलं की त्यांचा हात जेवता जेवता थांबायचा. ती दुमड कशी आली ते तर तुला नक्कीच माहीत नाही, म्हणून सांगते. सुरुवातीच्या गाड्यांची दारं लावली की पत्रा नुसता थरथरायचा, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा आवाज यायचा. पत्रा जाड केला तर गाडी जड होणार. मग ड्रॉइंग ऑफिसमधल्या एक बाई आणि आपले घणकाका त्या कामाला लागले. घणकाका म्हणजे साचे बनवणाऱ्या खात्यातले, कायम हातात छोटा घण घेऊन फिरणारे, आपल्याकडे चहाला यायचे आणि तुला खांद्यावर घेऊन छताला हात लावायला द्यायचे, ते. बाई कागदावर रेघ काढायच्या, काका साचा कोरायचे, दार निघायचं, बाबा बसवायचे आणि मग तिघं कान लावून उभे राहायचे. कधी दुमड खोल गेली की पत्रा चिरायचा, कधी उथळ राहिली की पुन्हा थरथर. एक अख्खा उन्हाळा हे चाललं होतं. संध्याकाळी काका आपल्या ओट्यावर बसून त्या बाईंचा उद्धार करायचे, आणि त्या बाई म्हणे ऑफिसात बसून काकांचा करायच्या. शेवटी एक दुमड जमली. त्या दिवशी कुणी पेढे वाटले नाहीत की हार घातले नाहीत. दार लागलं, आवाज नीट आला, तिघं आपापल्या कामाला गेले. कागदाला घडी घातली की तो ताठ उभा राहतो, तेवढंच त्यामागचं शास्त्र. पण ते कुणाच्या तरी हातांनी शोधलेलं.

आता ऐक. तुझ्या गरुडाची जाहिरात मी शोधून पाहिली. बर्फाचे डोंगर, त्यावर घिरट्या घालणारा पक्षी, पांढऱ्या कोटातली माणसं काचेच्या टेबलाभोवती गंभीर चेहऱ्याने उभी. आणि खाली अक्षरं येतात की या गाडीच्या अंगावरची ही रेघ आमच्या पर्वतांवरून झेपावणाऱ्या गरुडाच्या पंखांवरून सुचली. पंखांवरून! मी ती फिल्म पुन्हा लावली, म्हटलं आपल्या वाचण्यात चूक झाली असेल. चूक नव्हती. थरथरणाऱ्या पत्र्यापायी दोन माणसं महिनोन्‌महिने भांडली, आणि श्रेय मिळालं कुणाला, तर एका पक्ष्याला.

कारखाना बंद झाला तेव्हाचं तुला आठवत असेल, तेव्हा तू कॉलेजात होतास. कंपनी विकली गेली, नवे मालक आले, आणि त्यांनी सांगितलं की ही गाडी आता लोकांना नको आहे. वर्तमानपत्रांनीही री ओढली. कालबाह्य, जुनाट, काय काय छापून आलं. सगळ्यांना घरी पाठवलं, फक्त बाबा, घणकाका आणि आणखी काही जणांना थोडे दिवस ठेवून घेतलं. काम काय, तर साचे पुसायचे, त्यांना ग्रीस लावायचं, जाड कागदात गुंडाळून लाकडी खोक्यांत उतरवायचे. साचे भंगारात जाणार, वितळवणार, असं सांगितलं होतं. काकांनी साहेबांना सरळ विचारलं, "भंगाराला कुणी ग्रीस लावतं का?" साहेब म्हणाले, सांगितलंय तेवढं करा. त्यांनी तेवढं केलं. स्वतःच्या हातांनी घडवलेला साचा स्वतःच्या हातांनी खोक्यात निजवला. त्यानंतर वर्षभरात काका गेले. साचे वितळले, आपलं सगळं काम पाणी होऊन वाहून गेलं, असं समजून गेले ते. आणि साचे मजेत समुद्र ओलांडून गेले होते. तिकडे कुणीतरी खोकी उघडली, कागद काढला, ग्रीस पुसलं आणि म्हटलं, हा बघा आमचा गरुड.

मला सांग, नको असलेली गाडी कुणी एवढी जपून नेतं का? ती नको नव्हती. ती बनवणारी माणसं नको होती.

आणि आता तुझ्याकडे येते, कारण मालकांवर चिडून मला काय मिळणार, त्यांच्यापर्यंत माझं पत्र पोचायचं नाही. तू इथून गेलास त्याच्या आदल्या दिवशीचं जेवण. बाबा म्हणाले होते की थोडा थांब, इथेही काहीतरी निघेल. एवढंच म्हणाले होते. आणि तू ताट पुढे ढकलून म्हणालास, "तुम्ही आयुष्यभर एक डबा बनवत बसलात बाबा, आणि तो कुणालाच नको होता." आईचा हात वाढता वाढता तसाच राहिला. बाबांनी पाणी प्यायलं, हात धुतले आणि ओट्यावर जाऊन बसले. तू घाबरलेला होतास, हे मला तेव्हाही कळत होतं. बाप घरी बसलेला, नोकऱ्या नाहीत, परका देश, तोंडातून काहीतरी निघून जातं. म्हणून मी इतकी वर्षं त्या वाक्याबद्दल तुला एका शब्दाने बोलले नाही. पण आज बोलते. त्याच डब्याला नवी कवळी लावून कुणीतरी तुझ्यापुढे उभा केला, आणि तू त्याच्या अंगावर हात ठेवून फोटो काढलास. डबा तोच. फरक एवढाच की तो दुसऱ्याने बनवलेला आहे असं तुला सांगितलं गेलं.

त्या जेवणापासून तुझा फोन आला की बाबा आंघोळीला गेलेले असतात. सकाळी फोन कर, आंघोळीत. दुपारी कर, आंघोळीत. मागे तू एकाच दिवशी दोनदा फोन केलास तेव्हा आईने दोन्ही वेळा तेच सांगितलं. मी तिला म्हटलं, अगं, निदान एकदा तरी त्यांना बाजारात पाठव, जगात इतका स्वच्छ माणूस असू शकत नाही. तू हसून सोडून देतोस. तूही कधी म्हणाला नाहीस की बाहेर येईपर्यंत मी थांबतो. पण तुला जे दिसत नाही ते मी सांगते. तुझी लेक फोनवर तिच्या त्या अर्धवट मराठीत काही म्हणून दाखवते ना, तेव्हा हे आंघोळीतले गृहस्थ कोरड्या कपड्यांनी दाराआड उभे असतात. तिचं संपलं की हळूच आत जातात.

तर फोटो. तो बाबांना दिसू नये असं मला वाटत होतं, पण आई कुठे ऐकते? तिने चष्मा लावून, फोन त्यांच्या नाकापुढे धरून, "बघा, पोराने गाडी घेतली" असं सांगितलं. मी तिथेच होते. बाबांनी फोन हातात घेतला. आधी नातीकडे बघितलं. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि इकडून तिकडे सरकवत राहिले. मला वाटलं, आता उठतील, आता काहीतरी बोलतील, काकांचं नाव घेतील. निदान चिडतील तरी. त्यांच्या वाटचं मीच चिडून घेतलं होतं, तरी त्यांनी थोडं चिडायला हवं होतं. त्यातलं काही झालं नाही. त्यांनी मला गाडी अंगणात आडवी लावायला सांगितली, बाहेर आले, फोन हातात धरून बेडकीकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि म्हणाले, "मागचं दार उतरलंय."

मला कळेना. मग त्यांनी दाखवलं. आपल्या गाडीवर ती दुमड पुढच्या दारावरून मागच्या दारावर एका सरळ रेघेत जाते. तुझ्या फोटोत ती दोन दारांच्या मधल्या फटीशी तुटते आणि मागच्या दारावर किंचित खालून सुरू होते. म्हणजे मागचं दार बिजागरीत नीट बसलेलं नाही, खाली ओढलं गेलंय. असं झालं की दाराचा खटका पुरता लागत नाही. दोन टप्पे असतात ना त्याला, पहिल्या टप्प्यावरच अडकतो. दार बाहेरून लागल्यासारखं दिसतं, स्टिअरिंगसमोरचा दार उघडं असल्याचा लाल दिवासुद्धा विझतो, आणि मग एखाद्या खड्ड्यात किंवा वळणावर ते उघडू शकतं. बाबा हे सांगत असताना आईला आठवलं की तुझी बायको तिला म्हणाली होती, नवी गाडी छान आहे पण मुलीच्या बाजूचं दार दोनदा आपटावं लागतं. आई हे हसत हसत सांगायला लागली आणि मध्येच थांबली. कारण त्या दाराच्या काचेतून कोण डोकावत होतं ते आम्हा तिघांनाही दिसत होतं.

मी तिथल्या तिथे तुला फोन लावला. हे सगळं सांगितलं, आणि ही गाडी कुठली आहे तेही सांगितलं. आणि तू काय म्हणालास? शोरूमवाले म्हणतात, रबर नवीन आहे, वापरून बसेल. मी म्हटलं, बाबांनी बघितलंय. तू म्हणालास, "ताई, ही तुझी बेडकी नाही. इथल्या लोकांना कळतं." मी दोन्ही गाड्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले, तर तुझं उत्तर आलं, हल्ली सगळ्याच गाड्या सारख्या दिसतात, आणि पुढे तो हसणारा पिवळा चेहरा. त्या पिवळ्या चेहऱ्याला कानफटात मारता येत नाही, हा त्या फोनचा मोठाच दोष आहे.

म्हटलं, तुला माझं पटत नसेल तर कंपनीचं पटेल. आपल्या जुन्या कंपनीचं एक ऑफिस अजून शहरात आहे. तिथे फोन केला. एका मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं की मॅडम, त्या गाडीचा आणि आमच्या कंपनीचा काहीही संबंध नाही. मी विचारलं, मग तिची दारं माझ्या गाडीला कशी बसतील? ती म्हणाली, बसणार नाहीत मॅडम, ते वेगळं प्रॉडक्ट आहे. तिचा काय दोष, तिच्यापुढे जे लिहून ठेवलं असेल ते ती वाचणार. मग तुमच्याकडच्या कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आपल्या देशात आमची गाडी विकली जात नाही, त्यामुळे आपण आमचे ग्राहक नाही, आपल्या तक्रारीची दखल घेता येत नाही. बघ कशी गंमत आहे. इथले म्हणतात ती गाडी आमची नाही, तिथले म्हणतात तुम्ही आमच्या नाही. नाव बदललं की जबाबदारीही कुणाची राहत नाही, यासाठीच तर बिल्ले बदलत नसतील?

आणि कळस ऐक. परवा बँकेतल्या बाई शिकवणीला आल्या त्या खुशीत. म्हणाल्या, ती परदेशी गाडी आता इकडेही येणार आहे, चौकात मोठी जाहिरात लागली आहे, मी तीच घेणार. माझ्या बेडकीच्या स्टिअरिंगवर थोपटून म्हणाल्या, "शिकायला ही ठीक आहे हो मॅडम, पण घ्यायची म्हणजे तिकडचीच." आम्ही त्या चौकातूनच गेलो. बंद कारखान्याच्या भिंतीवर लावली आहे ती जाहिरात. त्याच भिंतीवर.  बाईंना चढावर गाडी उचलायला शिकवली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची गाडी बंद पडली नाही.

आता बाबांचं. तुझं उत्तर आईने त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे गाडीपाशी, मागचं दार उघडतायत आणि लावतायत. कपाटाखालची ती हत्यारांची कापडी पिशवी बाहेर आलेली. मला म्हणाले, "तिकडे जायला काय काय लागतं?" मला वाटलं, एखादा सुटा भाग पाठवायचा विचार आहे. म्हटलं, पार्सल करता येईल, पण बिजागरी पाठवून काय उपयोग, बसवणार कोण? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी ढ आहे. मग कळलं. पासपोर्टबद्दल विचारत होते.

आईचा जो काय पारा चढला! एवढी वर्षं ती त्यांच्या विनवण्या करते आहे की एकदा पोराकडे जाऊन येऊ. नातीचा जन्म झाला तेव्हा म्हणाली, तुझं ऑपरेशन झालं तेव्हा म्हणाली. हे ढिम्म. "पोरासाठी नाही गेलात, नातीसाठी नाही गेलात, आणि आता दारासाठी जाताय!" असं म्हणत तिने हातातलं पातेलं जे ठेवलं, ते शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल. बाबा म्हणाले, मी त्याच्याकडे जात नाहीये, दार बघायला जातोय, तिथे एखादं लॉज असेलच. आई म्हणाली, जा, आणि एकटेच जा. मी आले तर माझ्याच तोंडून बोलाल, आणि मला आता तुम्हा दोघांची दुभाषी व्हायचा कंटाळा आलाय. असं म्हणाली आणि त्यांचे कपडे भरायला बसली. तीन स्वेटर घातलेत तिने. तुमच्याकडे सध्या उन्हाळा आहे हे मी तिला सांगितलं, त्याचा काही परिणाम झाला नाही.

पासपोर्टच्या फोटोसाठी त्यांनी दाढी केली, भांग पाडला आणि फोटोवाल्याने जरा हसा म्हटल्यावर त्याच्याकडे असं बघितलं की तोच गप्प झाला. विमानात बसायचं त्यांना भय नाही, विमानाचं दार कोण लावतं एवढंच त्यांनी मला विचारलं. हत्यारं सोबत नेता येत नाहीत, मोठ्या बॅगेत टाकावी लागतात, हे पटवायला माझा एक दिवस गेला. या सगळ्यात ते तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फक्त काल दुपारी, बॅगेचा पट्टा बांधता बांधता विचारलं की त्याच्या इमारतीखाली सावली असेल का, की गाडी उन्हातच उभी असते. मी म्हटलं, मला माहीत नाही, तुम्हीच विचारा. तर म्हणाले, "मी आधी बोलणार नाही." सत्तरीच्या घरातला माणूस, आणि ऐट बघ!

म्हणून मी हे पत्र लिहिलं. फोनवर तू मला मध्येच तोडलं असतंस, आणि ते तर फोनवर येतच नाहीत. तुझ्या बायकोला सगळं ठाऊक आहे, व्हिसासाठीचे कागद तिनेच पाठवले. गेले काही आठवडे तुझ्या लेकीला गाडीऐवजी बसनेच जायची हौस का आली होती, तेही आता तुझ्या लक्षात येईल. बाबांना मी पाकीट बंद करून दिलं आहे. त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे की त्याने दार उघडलं की पाकीट हातात द्यायचं, आत जाऊन बसायचं, आणि तो वाचून संपवेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. त्यांना ही अट फार सोयीची वाटली. तेव्हा तू हे वाचतो आहेस तेव्हा ते तुझ्यासमोरच कुठेतरी बसलेले आहेत, बॅग पायाशी, आणि मी तुला आत काय काय लिहिलंय याचा त्यांना पत्ता नाही. तू इतका वेळ मान वर केली नसशील, हे मला माहीत आहे. आता कर. माफी वगैरे मागू नकोस, ते ओशाळतील आणि तुलाही जमायचं नाही. घणकाकांचे साचे वितळले नाहीत, एवढं मात्र त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. ते त्यांनी इथे कुणाशीच बोलून दाखवलेलं नाही. आधी पाणी दे. मग किल्ली घे आणि म्हण, बाबा, चला खाली.

तुझ्यावर चिडलेली आणि तरीही तुझीच,
ताई